‘पोऽसो काऽनी?’ : ग्रीसमधील हॉटेलच्या भेटवस्तू दुकानासाठी कामापुरते ग्रीक

ग्रीसला जाणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी अनेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. दिवसभर अॅक्रोपोलिस, डेल्फी किंवा मेतेओराचे मठ, सायंकाळी उशिरा हॉटेल आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी आटोपताच पुन्हा बस किंवा बोट. बाजारात निवांत हिंडण्यासाठी राखून ठेवलेला तास पुष्कळदा वाहतुकीत नाहीतर मंडळींची जमवाजमव करण्यातच जातो. मग घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, कार्यालयातील सहकाऱ्यांसाठी जे काही घ्यायचे ते हॉटेलच्या तळमजल्यावरील छोट्या दुकानातूनच घ्यावे लागते. ते दुकान कोठे आहे, किती वाजता बंद होते, समोरची चांदी खरी आहे का आणि ‘प्राचीन’ म्हणून दाखविलेली मूर्ती देशाबाहेर नेता येईल का, हे प्रश्न त्या अर्ध्या-पाऊण तासात विचारायचे असतात. यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर केवळ पैसे वाया जात नाहीत. विमानतळावर कायद्याशी गाठ पडू शकते.

पर्यटकांची वर्दळ असलेल्या हॉटेलांत इंग्रजी बहुतेक सर्वांना येते, हे खरे आहे. अथेन्सच्या सिंताग्मा चौकातील मोठ्या हॉटेलात ग्रीकवाचून कोणाचे अडणार नाही. परंतु बेटांवरील आणि डोंगराळ गावांतील हॉटेले बरीचशी कुटुंबाने चालविलेली असतात. दिवसा मुलगा किंवा सून दुकान पाहते आणि रात्री गल्ल्यावर आजीबाई बसतात. तेथे चार ग्रीक शब्द कामी येतात. शिवाय भाषा मोडकीतोडकी असली, तरी परक्या माणसाने ती बोलण्याचा यत्न केला की समोरच्याचा स्वर बदलतो, हा अनुभव महाराष्ट्रात येणाऱ्या पाहुण्यांबाबत आपणही घेतोच.

उच्चारांविषयी

पुढे दिलेले ग्रीक शब्द देवनागरीत लिहिले आहेत. ग्रीकमध्ये ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. महत्त्व आहे ते आघाताला. ज्या अक्षरावर जोर द्यायचा, त्याच्यापुढे येथे अवग्रह (ऽ) टाकला आहे. हे चिन्ह शोभेचे समजू नये. ‘पोऽते’ म्हणजे ‘केव्हा’ आणि ‘पोतेऽ’ म्हणजे ‘कधीच नाही’. दुकान केव्हा उघडते असे विचारताना जोर शेवटच्या अक्षरावर गेला, तर समोरच्याला भलताच अर्थ लागेल.

मराठी माणसाला ग्रीक उच्चार इंग्रजाहून सोपे जातात. ग्रीक ‘त’ आपल्या ‘त’सारखाच दंत्य आहे, ‘प’ आणि ‘क’ यांत हकार मिसळत नाही आणि ‘र’ आपल्यासारखाच खणखणीत आहे. ‘चांगला’ या शब्दातील ‘च’देखील ग्रीकमध्ये आहे, ‘चाऽन्दा’ म्हणजे पिशवी किंवा हातातील पर्स, तिचा उच्चार मराठी ‘चां’प्रमाणेच करावा. अडचण येते ती ‘द’ची. ग्रीक ‘द’ उच्चारताना जिभेचे टोक दातांच्या मध्ये येते. आपला साधा ‘द’ चालून जातो. ‘ख’ मात्र उर्दूतील ‘ख़’प्रमाणे घशातून घासून काढावा, ‘ए’ किंवा ‘इ’ स्वरापूर्वी तोच ध्वनी ‘ह’कडे झुकतो, म्हणून येथे तशा ठिकाणी ‘ह’ लिहिला आहे.

‘ने’ म्हणजे होय

सर्वांत मोठी फसगत पहिल्याच शब्दात होते. ग्रीकमध्ये होकार म्हणजे ‘ने’. हिंदी आणि इंग्रजीला सरावलेल्या कानाला तो नकारच वाटतो आणि मराठी कानाला आज्ञा! दुकानदार हसून ‘ने, ने’ म्हणाला, तर तो वस्तू घेऊन जायला सांगत नसून केवळ ‘होय, होय’ म्हणत असतो. नकार आहे ‘ओऽही’. तो पुष्कळदा तोंडाने न देता मानेने दिला जातो: भुवया उंचावून मान किंचित मागे झटकायची आणि जिभेने ‘च्’ असा आवाज करायचा. आपल्याकडे हनुवटी वर उचलून ‘काय?’ असे विचारतात, त्याच्याशी हे इतके मिळतेजुळते आहे की आपण तोच प्रश्न पुन्हा विचारत राहतो आणि तो पुन्हा पुन्हा नाही म्हणत राहतो. उलट आपण होकारासाठी मान दोन्ही बाजूंना डोलावतो, ती ग्रीक माणसाला कळत नाही. त्यामुळे मान स्थिर ठेवून तोंडाने ‘ने’ किंवा ‘ओऽही’ म्हणणे बरे.

दुकानात शिरताना अभिवादन करण्याची पद्धत तेथे पाळली जाते. न बोलता आत जाऊन वस्तू हाताळू लागणे असभ्य मानले जाते.

कालिमेऽरा सास – सुप्रभात
कालिस्पेऽरा सास – शुभ सायंकाळ (दुपार उलटल्यापासून)
याऽ सास – नमस्कार (येताना आणि जाताना, कोणत्याही वेळी)
सिग्नोऽमी – क्षमा करा, जरा ऐकता का
एफ्खारिस्तोऽ – आभारी आहे
मिलाऽते आंग्लिकाऽ? – आपण इंग्रजी बोलता का?
देन कातालावेऽनो – मला समजत नाही

‘कालिनीऽख्ता’ म्हणजे शुभ रात्री, पण तो केवळ निरोपाचा शब्द आहे. रात्री दहा वाजता दुकानात शिरतानासुद्धा ‘कालिस्पेऽरा’च म्हणावे. ‘सास’ हे आदरार्थी रूप आहे, आपल्या ‘तुम्हां’सारखे. ते गाळून ‘सू’ म्हटले की अरे-तुरे होते. वडीलधाऱ्या दुकानदाराशी तसे बोलू नये. ‘पाराकालोऽ’ हा शब्द तर सर्वत्र ऐकू येतो. ‘कृपया’ म्हणजे पाराकालोऽ, आभाराला उत्तर म्हणून पाराकालोऽ, दूरध्वनी उचलल्यावर पाराकालोऽ आणि गिऱ्हाइकाला ‘बोला, काय हवे?’ असे विचारायचे तरीही पाराकालोऽ. वस्तू हातात देताना ‘ओरीऽस्ते’ म्हणतात. ‘हे घ्या’ असा त्याचा भाव आहे.

दुकान आहे का आणि कोठे?

स्वागतकक्षाला ग्रीकमध्येही फ्रेंचवरून आलेला ‘रेसेप्स्योऽन’ हाच शब्द आहे. तेथे विचारावे:

इपाऽर्ही काताऽस्तिमा मे सुवेनीऽर स्तो क्सेनोदोहीऽओ? – हॉटेलात भेटवस्तूंचे दुकान आहे का?
पू ईऽने तो काताऽस्तिमा? – दुकान कोठे आहे?

‘सुवेनीऽर’ हाही फ्रेंचकडून घेतलेला शब्द. अस्सल ग्रीकमध्ये स्मरणवस्तूला ‘एन्थीऽमिओ’ किंवा ‘आनाम्निस्तिकोऽ’ म्हणतात. दोन्ही शब्दांच्या मुळाशी मन आणि स्मरण आहे. पाट्यांवर मात्र बहुधा ‘ईऽदी दोऽरोन’, म्हणजे भेटीच्या वस्तू, असे लिहिलेले असते. पाटी वाचताना ग्रीक लिपीची काही अक्षरे चकवतात. रोमन ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’ असते, ‘एच’सारखे दिसणारे ‘ई’, ‘बी’सारखे दिसणारे ‘व’ आणि फुलीसारखे दिसणारे ‘ख’ किंवा ‘ह’. लेखी प्रश्नचिन्हही आपल्यासारखे नसून अर्धविरामाच्या आकाराचे असते.

‘क्सेनोदोहीऽओ’ हा शब्द जीभ अडखळविणारा असला तरी लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘क्सेऽनोस’ म्हणजे परका आणि पाहुणाही. परक्याला आणि पाहुण्याला एकच शब्द असलेल्या या समाजात पाहुण्यांचा रक्षक म्हणून झ्यूस देवालाच ‘क्सेनिओस’ हे विशेषण प्राचीन काळापासून लावले जाई. शब्दाचा उत्तरार्ध ‘स्वीकारणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. परक्याला आत घेणारे घर, ते हॉटेल. हेच क्रियापद पुढे पैसे देताना पुन्हा भेटते.

उत्तरात साधारणपणे पुढील शब्द येतील: ‘देक्सियाऽ’ – उजवीकडे, ‘आरिस्तेराऽ’ – डावीकडे, ‘एफ्थीऽआ’ – सरळ, ‘दीऽप्ला’ – शेजारी, ‘आपेऽनान्दी’ – समोर, ‘इसोऽयिओ’ – तळमजला. मजल्यांची मोजणी आपल्यासारखीच असल्याने ‘प्रोऽतोस ओऽरोफोस’ म्हणजे जिना चढून येणारा पहिला मजला. उद्वाहक म्हणजे ‘आसान्सेऽर’.

हॉटेलात दुकानच नसेल, तर ‘इपाऽर्ही पेरीऽप्तेरो एदोऽ कोन्दाऽ?’ असे विचारावे. ‘पेरीऽप्तेरो’ म्हणजे पदपथावरील टपरी. शहरांत ती रात्री उशिरापर्यंत उघडी असते आणि पर्यटकांच्या भागात तेथे चित्रपोस्टकार्डे, चुंबके, पाण्याच्या बाटल्या असे बरेच काही मिळते. हॉटेलातील दुकानापेक्षा ती पुष्कळदा स्वस्तही पडते.

वेळेचा प्रश्न

समूह सहलीतील प्रवाशाला येथेच खरी घाई असते.

ईऽने आनिख्तोऽ तोऽरा? – आता उघडे आहे का?
ती ओऽरा आनीऽयी? – किती वाजता उघडते?
ती ओऽरा क्लीऽनी? – किती वाजता बंद होते?
मेऽख्री ती ओऽरा ईऽने आनिख्तोऽ आपोऽप्से? – आज रात्री किती वाजेपर्यंत उघडे असेल?
फेऽव्गुमे आऽव्रिओ तो प्रोईऽ – आम्ही उद्या सकाळी निघणार आहोत

शेवटचे वाक्य आवर्जून पाठ करावे. ‘उद्या या’ असे सांगण्याच्या बेतात असलेला दुकानदार ते ऐकून कुलूप पुन्हा उघडण्याची शक्यता बरीच वाढते. दरवाजावर ‘आनिख्तोऽ’ असेल तर उघडे, ‘क्लिस्तोऽ’ असेल तर बंद. दुपारी तीन ते साडेपाचच्या सुमारास ग्रीसमध्ये विश्रांतीची प्रथा आहे. लहान गावांतील दुकाने त्या वेळेत बंद राहतात आणि सायंकाळी पुन्हा उघडतात. बेटांवरील बहुतेक हॉटेले साधारण एप्रिल-मेपासून ऑक्टोबरपर्यंतच चालतात. मोसमाच्या अखेरीस माल परत गुंडाळून ठेवण्यापेक्षा तो विकून टाकण्याकडे दुकानदाराचा कल असतो. सवलत मागायची ती तेव्हा.

काय मागावे?

नुसते पाहायचे असेल तर ‘आप्लोऽस किताऽझो’ (केवळ पाहतो आहे) असे सांगावे. ‘बोरोऽ ना तो दो?’ म्हणजे ‘मी ते पाहू शकतो का?’ मागणी करताना ‘थेऽलो’ (मला हवे) हा शब्द बरोबर आहे. मात्र ‘था ईऽथेला’ (मला हवे होते) अधिक मृदू लागतो. ‘एऽहेते…?’ म्हणजे ‘आपल्याकडे आहे का?’ त्याच्यापुढे वस्तूचे नाव जोडले की वाक्य पूर्ण होते.

नावांपैकी काही मराठी माणसाला हसवतील. ‘माऽती’ म्हणजे डोळा. दृष्ट लागू नये म्हणून बाळगण्याच्या निळ्या काचेच्या डोळ्यालाही ‘माऽती’च म्हणतात, आणि ग्रीसमधील प्रत्येक भेटवस्तू दुकानात ती ढिगाने टांगलेली असते. दृष्टीवरचा विश्वास तेथे आपल्याइतकाच घट्ट आहे. लहान मुलाचे कौतुक केल्यावर तीनदा ‘फ्तू फ्तू फ्तू’ करण्याची रीत पाहून आपल्याकडील आजींना परके वाटणार नाही. ‘मेऽली’ म्हणजे मध. ग्रीसचा रानओव्याचा मध प्रसिद्ध आहे. ‘पोलीऽ’ म्हणजे पुष्कळ, फार. ‘कालोऽ’ म्हणजे चांगले, त्याचा काळ्या रंगाशी काही संबंध नाही. ‘सापूऽनी’ म्हणजे साबण, आणि हे साम्य मात्र योगायोगाचे नाही. एकच शब्द अनेक भाषांतून फिरत दोघांकडेही पोहोचला आहे. ऑलिव्ह तेलाचा साबण वजनाला हलका, किमतीला माफक आणि प्रवासात न फुटणारा असल्याने दहा जणांना देण्यासाठी याहून सोयीची वस्तू क्वचितच सापडेल.

‘एलेओऽलादो’ म्हणजे ऑलिव्हचे तेल. ‘माग्निताऽकी’ म्हणजे फ्रिजवर लावायचे चुंबक, ‘ब्रेलोऽक’ म्हणजे किल्ल्यांची साखळी, ‘कार्त पोस्ताऽल’ म्हणजे चित्रपोस्टकार्ड आणि ‘ग्रामातोऽसिमा’ म्हणजे टपाल तिकिटे. ‘स्फुंगाऽरी’ म्हणजे समुद्रातील नैसर्गिक स्पंज. तो काढणाऱ्या पाणबुड्यांसाठी कालिम्नोस हे बेट ख्यातनाम आहे.

‘कोम्बोलोऽई’विषयी थोडे अधिक सांगायला हवे. ती जपमाळेसारखी दिसणारी मण्यांची माळ असते, पण तिचा जपाशी संबंध नाही. कॉफीच्या दुकानात बसलेले वृद्ध ती बोटांवरून सोडत, झटकत वेळ घालवतात. नाफ्प्लिओ शहरात या माळांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. स्वस्त माळ प्लॅस्टिकची असते आणि चांगली अंबराची. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असल्याने कशाची बनली आहे हे विचारल्याखेरीज घेऊ नये.

‘मास्तीऽखा’ ही खिओस बेटाची मिरास. त्या बेटाच्या दक्षिण भागातील झुडपांच्या सालीला छेद दिल्यावर पाझरणारा हा सुगंधी डिंक आहे. तो चघळतात, मिठाईत घालतात आणि त्याचे मद्यही करतात. त्याच्या लागवडीच्या पारंपरिक ज्ञानाचा युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. भेटीच्या वस्तूंत खास ग्रीक म्हणावी अशी ही वस्तू आहे. दुकानातील इतर पुष्कळ माल ग्रीसबाहेर तयार झालेला असतो. म्हणून दोन प्रश्न विचारावेत: ‘ईऽने एलिनिकोऽ?’ – हे ग्रीक बनावटीचे आहे का? आणि ‘ईऽने हिरोपीऽइतो?’ – हे हाताने केलेले आहे का? आपला देश ग्रीक लोकांच्या तोंडी ‘एलाऽदा’ असतो, हे या शब्दावरून ध्यानात येईल. चांदी म्हणजे ‘आसीऽमी’; दागिन्यावर ९२५ हा शिक्का आहे ना, तेवढे पाहावे.

प्राचीन वस्तूंपासून दूर

‘ईऽने आन्दीऽग्राफो ई आर्हेऽओ?’ – ही प्रतिकृती आहे की प्राचीन वस्तू? या प्रश्नाला ‘आन्दीऽग्राफो’ (प्रतिकृती) हेच उत्तर यायला हवे. ‘आर्हेऽओ’ असे उत्तर आले, तर एकतर दुकानदार थापा मारत आहे किंवा आपल्याला गुन्ह्यात ओढत आहे. ग्रीसच्या २००२ च्या पुरातत्त्व कायद्यानुसार (क्रमांक ३०२८) १८३० पर्यंतच्या वस्तू प्राचीन मानल्या जातात आणि शासनाच्या परवानगीवाचून त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. जुने नाणे, खापराचा तुकडा, संगमरवराचा कोरीव भाग यांपैकी काहीही सामानात सापडले तर चौकशी अटळ आहे. अवशेषांच्या जागेवरून सहज म्हणून उचललेला दगडही या जाळ्यात येऊ शकतो. फुलदाणी किंवा मूर्ती घ्यायचीच असेल, तर प्रतिकृती असल्याचे पावतीवर लिहून घ्यावे. शक्य असल्यास ती संग्रहालयाच्या अधिकृत दुकानातून घ्यावी. किंमत जास्त पडेल, पण झोप शांत लागेल.

किंमत, घासाघीस आणि दाम

पोऽसो काऽनी आफ्तोऽ? – याची किंमत किती?
पोऽसो काऽनुन आफ्ताऽ? – यांची किंमत किती?
बोरीऽते ना तो ग्राऽप्सेते? – आपण ते लिहून देता का?
ईऽने पोलीऽ आक्रिवोऽ – फार महाग आहे
एऽहेते काऽती प्यो फ्तिनोऽ? – याहून स्वस्त काही आहे का?
काऽनेते एऽक्प्तोसी? – सवलत देता का?
था तो पाऽरो – मी हे घेतो
था तो स्केफ्तोऽ – विचार करून सांगतो

हॉटेलातील दुकानात भाव ठरलेले असतात. तेथे अर्ध्या किमतीपासून घासाघीस सुरू करणे शोभत नाही. चार-पाच वस्तू एकदम घेतल्यास थोडी सूट मिळू शकते, एवढेच. अथेन्समधील मोनास्तिराकीच्या जुन्या बाजारात मात्र बोलणी चालतात. ग्रीकमध्ये किंमत म्हणजे ‘तिमीऽ’, आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ मान, प्रतिष्ठा असा आहे. मराठीत ‘माणसाची किंमत’ म्हणताना आपणही हेच करतो. ‘आक्रिवोऽ’ म्हणजे महाग, आणि प्रिय व्यक्तीलाही ‘आक्रिवोऽस’ म्हणतात.

आकडे समजले नाहीत तर सर्व व्यर्थ. सुदैवाने ते आपल्या रक्तातच आहेत. ‘एऽना’ – एक, ‘दीऽओ’ – दोन, ‘त्रीऽआ’ – तीन, ‘तेऽसेरा’ – चार, ‘पेऽन्दे’ – पाच, ‘एऽक्सी’ – सहा, ‘एफ्ताऽ’ – सात, ‘ओख्तोऽ’ – आठ, ‘एनेऽआ’ – नऊ, ‘देऽका’ – दहा. संस्कृतातील द्वि, त्रि, पंच, सप्त, अष्ट, नव, दश यांच्याशी ताडून पाहावे. सप्तचा आरंभीचा ‘स’ ग्रीकमध्ये प्राचीन काळीच ‘ह’ झाला, पुढे तोही गळाला आणि उरला ‘एफ्ताऽ’. बारा म्हणजे ‘दोऽदेका’, आपले द्वादश. र्‍होड्स ज्या द्वीपसमूहात आहे त्या ‘दोदेकाऽनिसा’ या नावाचा अर्थ बारा बेटे असा आहे. वीस – ‘ईऽकोसी’, तीस – ‘त्रियाऽन्दा’, चाळीस – ‘साराऽन्दा’, पन्नास – ‘पेनीऽन्दा’, शंभर – ‘एकातोऽ’.

असे नातेवाईक शब्द आणखी आहेत. वर आलेला ‘देक्सियाऽ’ (उजवीकडे) आणि आपला ‘दक्षिण’ हे एकाच मुळाचे. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवाही. ‘दोऽरो’ (भेट) आणि ‘दान’ सख्खे आहेत. खोलीला म्हणतात ‘दोमाऽतिओ’. त्यातील ‘दोम’ म्हणजे घर, आणि ‘दंपती’ या शब्दातील ‘दम्’ तोच. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. ग्रीकांच्या ‘द्राख्मा’ या नाण्यावरून संस्कृतात ‘द्रम्म’ आला, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सोळा पणांचा एक द्रम्म सांगितला आहे, आणि आपला ‘दाम’ त्याचाच वंशज. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत, हे आठवले म्हणजे या देवघेवीचे नवल वाटत नाही.

खुद्द ग्रीसमध्ये ते नाणे इतिहासजमा झाले. १ जानेवारी २००२ पासून युरोच्या नोटा आणि नाणी चलनात आली. उच्चार ‘एव्रोऽ’ असा करतात आणि एक असो वा शंभर, शब्द बदलत नाही. सेंटला ‘लेप्ताऽ’ म्हणतात. मिनिटांनाही ‘लेप्ताऽ’च म्हणत असल्याने ‘पेऽन्दे लेप्ताऽ’ म्हणजे पाच सेंट की पाच मिनिटे, हे प्रसंगावरून ओळखावे लागते.

पैसे आणि पावती

‘देऽहेस्ते काऽर्ता?’ – कार्ड स्वीकारता का? हॉटेल या शब्दात दडलेले स्वीकाराचे क्रियापद ते हेच. रोख रकमेला ‘मेत्रिताऽ’ आणि सुट्या पैशांना ‘रेऽस्ता’ म्हणतात. बिल खोलीच्या खात्यावर टाकायचे असल्यास विचारावे: ‘बोरीऽते ना तो ख्रेओऽसेते स्तो दोमाऽतिओ?’ हॉटेलातील दुकान अनेकदा दुसऱ्याच व्यापाऱ्याने भाड्याने घेतलेले असते, त्यामुळे ही सोय असेलच असे नाही. असलीच तर समूह सहलीतील प्रवाशांनी सावध राहावे; खोलीचे पैसे सहल कंपनीने भरलेले असले तरी ही खरेदी आपली आपल्यालाच निघताना चुकती करायची असते, आणि पहाटेच्या गर्दीत ते विसरले की सारी बस खोळंबते.

‘तिन आपोऽदिक्सी, पाराकालोऽ’ – पावती द्या. हे वाक्य म्हणायला संकोच करू नये. कायदेशीर पावती मिळाली नाही तर पैसे देण्याचे बंधन ग्राहकावर नाही, अशा आशयाची सूचनाच तेथील व्यवसायांच्या जागी लावलेली आढळते. २०१६ पासून मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २४ टक्के आहे. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशाने एका दुकानात ठराविक किमान रकमेहून अधिक खरेदी केल्यास यातील काही भाग परत मिळू शकतो. त्यासाठी दुकानाने या योजनेत भाग घेतलेला असावा लागतो आणि पासपोर्ट दाखवून वेगळा अर्ज खरेदीच्या वेळीच करून घ्यावा लागतो. त्यावर सीमाशुल्क विभागाची मान्यता लागते ती युरोपीय संघातून बाहेर पडतानाच्या विमानतळावर. अथेन्सहून आखाती देशामार्गे मुंबईला येणाऱ्याने ती अथेन्सला घ्यायची. फ्रँकफुर्टमार्गे येणाऱ्याने फ्रँकफुर्टला.

पिशवीसाठी तेथे ‘साकूऽला’ हा शब्द आहे. २०१८ च्या आरंभापासून प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांना शुल्क द्यावे लागते, त्यामुळे ‘थेऽलेते साकूऽला?’ हा प्रश्न सौजन्याचा असला तरी फुकटाचा नसतो. भेट बांधून हवी असेल तर ‘ईऽने या दोऽरो, बोरीऽते ना तो तिलीऽक्सेते?’ असे म्हणावे. ‘स्पाऽई एऽफ्कोला?’ म्हणजे ‘हे सहज फुटते का?’ मातीच्या वस्तूंबाबत उत्तर ठाऊक असूनही विचारावे. मग बांधणी जरा जाड होते. तेल आणि मध मोठ्या सामानातच ठेवावेत, कारण हातातील सामानातून शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्या नेण्यास बहुतेक विमानतळांवर मनाई आहे. तेलासाठी काचेपेक्षा पत्र्याचा डबा उत्तम.

भारतातून आलो

‘आपो पू ईऽस्ते?’ (आपण कोठले?) असे कोणी विचारले, तर सांगावे: ‘ईऽमे आपोऽ तिन इन्दीऽआ.’ दुकानात वयस्क माणूस असेल तर या उत्तरानंतर नर्गिसचे नाव निघण्याचा संभव आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत हिंदी चित्रपट ग्रीसमध्ये चांगलेच लोकप्रिय होते आणि त्यांतील चालींवर ग्रीक शब्द बसवून गाणी केली जात. स्तेलिओस काझांझिदिस या विख्यात गायकाचे १९५९ चे ‘मांदुबाला’ हे गाणे ‘आवारा’तील एका चालीवर आहे, नाव मात्र घेतले आहे मधुबालाचे. हा विषय निघाला की सवलत मिळेलच असे नाही, पण कॉफी मिळण्याची शक्यता बरीच.

खरेदी झाल्यावर दुकानदार ‘मे या!’ म्हणेल. नवी वस्तू घेणाऱ्याला ती आरोग्याने, सुखाने वापरा अशी ही शुभेच्छा असते. दागिना किंवा किमती वस्तू घेतली असेल तर ‘ना तो हेऽरेस्ते’ असेही म्हणतात: तिचा आनंद घ्या. दोन्हींना उत्तर एकच, ‘एफ्खारिस्तोऽ’. आणि बस सुटण्याच्या वेळी तो दारात उभा असला, तर ‘कालोऽ ताक्सीऽदी’ ऐकू येईल. त्याचा अर्थ सुखाचा प्रवास होवो. त्याला आपण ‘याऽ सास’ म्हणून निरोप द्यावा.